शल्यक्रियागृहातील हात : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शस्त्रक्रियेच्या जखमेत होणाऱ्या जंतुसंसर्गाविषयी या सदराकडे आलेली पत्रे एकत्र वाचली, तेव्हा रुग्ण, त्यांचे नातेवाईक, परिचारिका आणि विद्यार्थी या सर्वांचे प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येतात असे दिसले, आणि ते ठिकाण म्हणजे शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे गाळली असून प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेआधी सर्जन बराच वेळ हात धूत असल्याचे मी दारातून पाहिले. त्यानंतर त्यांनी निर्जंतुक हातमोजे घातलेच. मोजे निर्जंतुक असतील, तर आधी इतके हात धुण्याची गरज काय?

उत्तर : गरज आहे, कारण उपकरणे निर्जंतुक करता येतात, परंतु जिवंत त्वचा निर्जंतुक करता येत नाही. फिलिप प्राइस यांनी १९३८ साली त्वचेवरील जंतूंची दोन गटांत विभागणी केली, आणि ती आजही उपयोगी पडते. पहिला गट उपऱ्या जंतूंचा. दाराची मूठ, रुग्णाची चादर, फोन अशा वस्तूंना स्पर्श झाला की ते हातावर येतात आणि साध्या साबणाने धुतले तरी बहुतांशी निघून जातात. दुसरा गट निवासी जंतूंचा. ते त्वचेच्या खालच्या थरांत, केसांच्या मुळांशी आणि तेलग्रंथींच्या तोंडाशी वस्ती करून असतात. त्यांची संख्या कमी करता येते, पण ती शून्यावर आणता येत नाही, आणि बंद मोज्याच्या आतील ऊब व घाम मिळाला की ते पुन्हा वाढू लागतात.

आता मोज्याविषयी. सुईचे टोक, हाडाची धार, ताणलेली तार यांमुळे शस्त्रक्रिया चालू असताना मोज्याला बारीक छिद्र पडणे ही अपवादात्मक घटना नाही. शस्त्रक्रिया जितकी लांबते तितकी ही शक्यता वाढते, आणि पुष्कळदा ते छिद्र पडल्याचे सर्जनच्या लक्षातही येत नाही. अशा वेळी मोज्यात साचलेला घाम त्या छिद्रातून थेट जखमेत उतरू शकतो. म्हणून हाताच्या तयारीचे उद्दिष्ट दुहेरी असते. मोजे चढवण्याच्या क्षणी जंतूंची संख्या शक्य तितकी कमी असावी, आणि शेवटचा टाका पडेपर्यंत ती कमीच राहावी. क्लोरहेक्सिडिनसारखे जंतुनाशक द्रव्य त्वचेला धरून राहते आणि काही तास आपले काम करत राहते, म्हणून शल्यक्रियागृहात त्याला महत्त्व आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. रबरी मोजे शल्यक्रियागृहात आले ते रुग्णाच्या रक्षणासाठी नव्हे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९-९० च्या हिवाळ्यात कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांची त्वचा मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावाने सोलवटू लागली, तेव्हा सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ मोजे बनवून घेतले. पुढे सर्वच सहकारी ते वापरू लागले आणि मोजे घालून केलेल्या शस्त्रक्रियांत जखमा कमी चिघळतात, हे हॉल्स्टेड यांचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी नोंदी ठेवून दाखवून दिले. हातांना इजा करणारी रसायने आजही आहेत, हे पुढील उत्तर वाचताना ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मी शल्यक्रियागृहात नव्याने रुजू झालेली परिचारिका आहे. आमच्याकडील एक ज्येष्ठ सर्जन ब्रशने दहा मिनिटे हात घासतात. तरुण डॉक्टर अल्कोहोलयुक्त द्राव दोन-तीन मिनिटे चोळून मोजे घालतात. दोघेही स्वतःची पद्धत बरोबर आहे असे सांगतात. मी कोणाचे अनुकरण करावे?

उत्तर : दहा मिनिटे घासण्याची शिस्त ज्या पिढीने पाळली, तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे, कारण त्या काळातील साबण आणि द्राव यांच्या बळावर त्याहून कमी वेळात भरवसा ठेवणे कठीण होते. मात्र आज त्या दहा मिनिटांना आधार उरलेला नाही. जंतुनाशक साबणाने २ ते ५ मिनिटे धुणे पुरेसे असते आणि त्याहून अधिक घासल्याने लाभ वाढत नाही. उलट, कडक ब्रशाने त्वचेचा वरचा थर खरवडला जातो, खालच्या थरातील निवासी जंतू वर येतात, जंतू वाहून नेणारे त्वचेचे सूक्ष्म कण अधिक प्रमाणात झडतात आणि काही महिन्यांत हातांना भेगा पडतात. भेगाळलेल्या त्वचेवर जंतू अधिक टिकतात. म्हणून ब्रश त्वचेवर वापरू नये. नखांखालचा मळ काढण्यासाठी वाहत्या पाण्याखाली नखकोरणी वापरावी, आणि तीही दिवसाच्या पहिल्या तयारीच्या वेळी.

अल्कोहोलविषयीची शंका बहुतेकांच्या मनात असते : पाणी नाही, फेस नाही, मग हात स्वच्छ कसे होणार? या शंकेचे उत्तर प्रयोगशाळेपेक्षा प्रत्यक्ष रुग्णांच्या जखमांवरून मिळणे अधिक चांगले, आणि तसे ते मिळालेले आहे. फ्रान्समधील सहा रुग्णालयांत केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ४,३८७ रुग्णांचा समावेश होता आणि रुग्णालये आळीपाळीने कधी साबण-पाण्याची, तर कधी अल्कोहोल चोळण्याची पद्धत वापरत होती. अल्कोहोलच्या काळात जखमेच्या संसर्गाचे प्रमाण २.४४ टक्के आणि घासून धुण्याच्या काळात २.४८ टक्के होते, म्हणजे व्यवहारात काहीच फरक नव्हता. फरक पडला तो वेगळ्या ठिकाणी : अल्कोहोलची पद्धत ठरल्याप्रमाणे पूर्ण वेळ पाळली जाण्याचे प्रमाण अधिक होते आणि हात कोरडे पडण्याच्या तक्रारी कमी होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही दोन्ही पद्धती मान्य आहेत. जिथे पाण्याच्या शुद्धतेची खात्री नसते तिथे मी अल्कोहोलच निवडीन, कारण नळाच्या तोंडाशी आणि टाकीत स्यूडोमोनाससारखे जंतू सहज घर करतात.

तरीही आपल्याला अनुकरण करायचे आहे ते व्यक्तीचे नव्हे, कृतीचे. दोन मिनिटे अल्कोहोल चोळतो असे म्हणणारे अनेक जण प्रत्यक्षात थोडासा द्राव तळहातावर घेऊन, हात वाळण्यापूर्वीच मोज्यांकडे वळतात, आणि ती तयारी दहा मिनिटे घासणाऱ्या ज्येष्ठांच्या तयारीपेक्षा निश्चितच निकृष्ट असते. शल्यक्रियागृहात आल्यावर प्रथम अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढून साध्या साबणाने हात धुवावेत आणि पूर्ण कोरडे करावेत, कारण ओल्या हातावर अल्कोहोल पातळ होते. नखे आखूड असावीत आणि कृत्रिम नखे मुळीच नसावीत. त्यानंतर सुमारे ५ मिलिलिटर द्राव एका तळहातात घेऊन दुसऱ्या हाताच्या बोटांची टोके त्यात ५ सेकंद बुडवून ठेवावीत, म्हणजे तो नखांखाली पोहोचतो. मग तोच द्राव त्या दुसऱ्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोलाकार फिरवत, कोणतीही जागा न सोडता, वाळेपर्यंत चोळावा. दुसऱ्या बाजूलाही हेच करावे. त्यानंतर पुन्हा द्राव घेऊन तळवे, हातांची पाठ, बोटांमधल्या बेचक्या आणि अंगठे मनगटापर्यंत चोळावेत. अंगठा आणि बोटांची टोके हमखास सुटतात, आणि शस्त्रक्रियेत सर्वाधिक काम तेच करतात. उत्पादकाने सांगितलेला संपूर्ण वेळ, बहुधा दीड ते तीन मिनिटे, हात ओले राहिले पाहिजेत. द्राव मध्येच वाळला तर तो कमी घेतला होता असे समजून आणखी घ्यावा. शेवटी हात आपोआप कोरडे होऊ द्यावेत आणि मगच मोजे घालावेत.

साबण-पाण्याची पद्धत निवडल्यास हात कोपरापेक्षा नेहमी वर धरावेत, म्हणजे पाणी बोटांकडून कोपराकडे वाहील आणि न धुतलेल्या दंडावरचे पाणी बोटांवर परत येणार नाही. पुसण्यासाठी निर्जंतुक टॉवेलच हवा. दोन्ही पद्धती लागोपाठ करू नयेत. आधी जंतुनाशक साबणाने घासून लगेच अल्कोहोल चोळल्याने संरक्षण दुप्पट होत नाही, त्वचेची मात्र हानी होते. हाताला रक्त किंवा मळ दिसत असेल तर अल्कोहोलपूर्वी साध्या साबणाने धुणे आवश्यक आहे, आणि क्लॉस्ट्रिडियमसारख्या जंतूंच्या बीजाणूंवर, म्हणजे त्यांच्या चिवट कवचातील सुप्त रूपांवर, अल्कोहोल चालत नाही हेही विसरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या द्रावात थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड असते, पण तेही हातावरचे नव्हे, तर बाटलीतल्या द्रावात शिरलेले बीजाणू मारण्यासाठी असते.

काम संपल्यावर हातांना मलम लावणे हा नखरा नाही, तो कामाचाच भाग आहे. फक्त तेलकट मलम लावून लेटेक्सचे मोजे घालू नयेत, त्याने लेटेक्स कमकुवत होते.

प्रश्न : वैद्यकीय अभ्यासक्रमात सेमेलवाइस यांचे नाव एका ओळीत येऊन जाते. त्यांनी नेमके काय केले आणि त्यांचे म्हणणे लोकांनी का मानले नाही?

उत्तर : इग्नाझ सेमेलवाइस हे व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील प्रसूतिविभागात काम करत होते. तिथे दोन कक्ष होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणे करत, दुसऱ्यात सुईणींचे प्रशिक्षण चाले. १८४६ साली पहिल्या कक्षात सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतर येणाऱ्या संसर्गाच्या तापाने, ११.४ टक्के माता दगावल्या, तर दुसऱ्यात २.८ टक्के. एकाच छपराखाली, एकाच शहरातील स्त्रियांमध्ये एवढा फरक हवामानाने किंवा दूषित वाऱ्याने पडणे शक्य नव्हते. १८४७ च्या प्रारंभी त्यांचे सहकारी याकोब कोलेच्का यांना शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या सुरीची जखम झाली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या शवात आढळलेले बदल सूतिकाज्वराने मेलेल्या मातांमधील बदलांसारखेच होते. सेमेलवाइस यांना दुवा सापडला : विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत होते, सुईणी तसे करत नव्हत्या. त्या मे महिन्यात त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावाने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८.३ टक्के असलेला मृत्युदर जूनमध्ये २.२ आणि जुलैमध्ये १.२ टक्क्यांवर आला.

ते का मानले गेले नाही, याची कारणे अनेक आहेत. जंतू रोग घडवतात हा सिद्धान्त तेव्हा प्रस्थापित झालेला नव्हता, त्यामुळे शवातील कोणती गोष्ट हातावर राहते हे त्यांना सांगता येत नव्हते. त्यांनी स्वतःचे पुस्तक १८६१ पर्यंत प्रसिद्ध केले नाही आणि पुढे विरोधकांना अतिशय कठोर पत्रे लिहिली. परंतु मला वाटते, सर्वांत मोठा अडथळा मनाचा होता. आपल्याच हातांनी आपण मृत्यू नेला, हे मान्य करण्याचे ओझे पेलणे कोणालाही अवघड जाते. १८६५ च्या ऑगस्ट महिन्यात सेमेलवाइस मनोरुग्णालयात जखमेतील संसर्गानेच वारले. योगायोगाने त्याच महिन्यात ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या पायाच्या उघड्या अस्थिभंगावर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली, आणि पाश्चरच्या संशोधनामुळे त्यांच्यापाशी ती का बांधायची याचे स्पष्टीकरणही होते. विद्यार्थ्यांनी सेमेलवाइस यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट द्राव नव्हे. त्यांनी प्रत्येक कक्षातील मृत्यू महिन्यामागून महिना मोजले होते, ती सवय घ्यावी.

प्रश्न : माझ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री घरीच वस्तऱ्याने केस काढून यावे असे एका नातेवाइकाने सुचवले आहे. तसे करू का?

उत्तर : कृपया करू नका. वस्तऱ्याने त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य ओरखडे उठतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. क्रूज आणि फूर्ड या कॅनडातील सर्जनांनी हजारो जखमांचा पाठपुरावा केला तेव्हा वस्तरा फिरवलेल्यांत संसर्गाचे प्रमाण सुमारे अडीच टक्के, तर केसांना हातच न लावलेल्यांत एक टक्क्याहूनही कमी आढळले. केस शस्त्रक्रियेच्या आड येत असतील तरच ते काढावेत, आणि तेही त्वचेला न टेकणाऱ्या क्लिपरने, रुग्णालयात, शस्त्रक्रियेच्या अगदी आधी.

प्रश्न : आईला शस्त्रक्रियेपूर्वी प्रतिजैविकाचे एकच इंजेक्शन दिले आणि नंतर काहीच नाही. पूर्वी पाच-सात दिवस औषधे देत असत. हा निष्काळजीपणा तर नाही ना?

उत्तर : नाही, योग्य शस्त्रक्रियेसाठी हीच योग्य पद्धत आहे. चीर देताना जे थोडे जंतू ऊतींमध्ये शिरतात, त्यांनी मूळ धरण्याआधीच औषध तिथे पोहोचलेले असावे, एवढाच या इंजेक्शनचा हेतू असतो. म्हणून मात्रेपेक्षाही वेळ मोलाची ठरते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या २,८४७ रुग्णांच्या अभ्यासात, चीर देण्यापूर्वीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी केवळ ०.६ टक्के रुग्णांना संसर्ग झाला. त्याहून आधी मिळालेल्यांत हे प्रमाण ३.८ टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर मिळालेल्यांत ३.३ टक्के होते. सेफाझोलिनसारखे औषध सामान्यतः चीर देण्याआधीच्या तासाभरात देतात, आणि शस्त्रक्रिया चार तासांहून लांबली किंवा फार रक्तस्राव झाला तर ते पुन्हा देतात.

जखम शिवून झाल्यावर तेच औषध पुढे चालू ठेवल्याने संसर्ग आणखी कमी होत नाही. मात्र आतड्यातील उपयुक्त जंतू मरतात, जुलाब होतात आणि औषधाला न जुमानणारे जंतू वाढीस लागतात. शस्त्रक्रियेपूर्वीच पू झालेला असेल किंवा आतडे फुटलेले असेल, तर ते उपचाराचे औषध होय, आणि त्याचा कालावधी वेगळा असतो. आपल्या आईच्या बाबतीत तसे काही होते का, हे सर्जनला अवश्य विचारावे.

प्रश्न : मी निर्जंतुकीकरण विभागात काम करतो. गाठोड्यावरील पट्टीचा रंग बदलला म्हणजे आतील सामान निर्जंतुक झाले, असे आम्ही धरून चालतो. ते बरोबर आहे का?

उत्तर : बाहेरील पट्टी फक्त एवढेच सांगते की हे गाठोडे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, जाऊन आले आहे. आतपर्यंत वाफ पोहोचली की नाही हे तिला ठाऊक नसते. त्यासाठी गाठोड्याच्या मध्यभागी वेगळी रासायनिक निर्देशक पट्टी ठेवावी लागते, आणि ठरावीक अंतराने जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस या अत्यंत चिवट जंतूचे बीजाणू असलेली कुपी घालून ते मेले की नाही हे पाहावे लागते. निर्वात यंत्र, म्हणजे वाफ सोडण्याआधी आतील हवा ओढून काढणारे यंत्र, असेल तर रोज सकाळी पहिल्या फेरीपूर्वी बोवी-डिक चाचणीने आतील हवा नीट निघते का हे तपासावे. हवेचा कोपरा राहिला की तिथे वाफ शिरत नाही, आणि मग तापमापकावरील आकडा कितीही बरोबर असला तरी तिथले जंतू जिवंत राहतात.

गुंडाळलेल्या सामानासाठी साध्या यंत्रात १२१ अंश सेल्सियसला ३० मिनिटे आणि निर्वात यंत्रात १३२ अंशांना ४ मिनिटे असा सर्वसाधारण हिशेब आहे, परंतु यंत्राच्या उत्पादकाची सूचना अंतिम मानावी. गाठोडी दाबून भरू नयेत. बाहेर आलेले ओले गाठोडे वापरू नये, कारण ओल्या कापडातून जंतू आत झिरपतात. आणि या सगळ्याच्या आधीचे एक काम : उपकरणांवरील रक्त वाळू न देता ती बिजागऱ्या उघडून धुवावीत. वाळलेल्या रक्ताच्या कवचाखालचा जंतू वाफेपासूनही बचावतो.

प्रश्न : मी प्रशिक्षणार्थी आहे. मागील महिन्यात स्क्रब होऊन, म्हणजे हातांची तयारी करून गाऊन-मोजे घातल्यावर, माझी बाही बहुधा निर्जंतुक नसलेल्या ट्रॉलीला लागली. मला खात्री नव्हती आणि सर्वांसमोर बोलण्याचे धैर्य झाले नाही. रुग्ण बरा झाला, तरीही ते मनातून जात नाही. अशा वेळी काय करावे?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. माझ्या शिकाऊ काळात माझ्या बाबतीतही असेच घडले होते. दिव्याची मूठ सरकवताना माझा हात तिच्या निर्जंतुक आवरणापलीकडे गेला. कोणी पाहिले नाही अशी माझी समजूत झाली आणि मी गप्प राहिले. समोरच्या ज्येष्ठ सिस्टरनी मात्र ते पाहिले होते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी नव्या मोज्यांचे पाकीट उघडले आणि म्हणाल्या, "डॉक्टर, बाजूला या, मोजे बदलू." या सगळ्याला एक मिनिटही लागले नाही. गप्प राहण्यासाठी मी मनात जेवढा वेळ झगडत होते, त्याहून तो कितीतरी कमी होता.

तेव्हापासून मी एकच नियम पाळते आणि शिकवते : लागले असावे असे वाटले, तर लागलेच असे समजावे. गाऊनचा समोरचा भाग छातीपासून शस्त्रक्रियेच्या टेबलाच्या पातळीपर्यंत आणि बाह्या कोपराच्या थोड्या वरपासून मनगटापर्यंत, एवढाच निर्जंतुक मानला जातो. पाठ, खांदे आणि कमरेखालचा भाग निर्जंतुक नसतोच. त्यामुळे चुकून स्पर्श होणे ही कौशल्याची उणीव नव्हे, ती त्या कामातच असलेली शक्यता आहे. बाहीला स्पर्श झाला असेल तर गाऊन आणि मोजे दोन्ही बदलावेत. मोज्याला छिद्र दिसले तर मोजे बदलावेत. दोन जोड्या घातल्यास आतल्या मोज्याला छिद्र पडण्याचे प्रमाण पुष्कळ घटते, आणि आतील मोजा गडद रंगाचा असेल तर बाहेरचा फाटताच आत ओल शिरून तिथे गडद डाग स्पष्ट दिसतो.

बोलण्याचे धैर्य हे मात्र केवळ आपल्यावर सोपवून चालणार नाही, ती पथकप्रमुखाची जबाबदारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेल्या शस्त्रक्रिया-सुरक्षा तपासणीसूचीत, चीर देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगावे अशी पायरी आहे. पुष्कळ ठिकाणी ती केवळ औपचारिकता म्हणून उरकली जाते, याचे मला वाईट वाटते. ज्याने एकदा त्या खोलीत आपला आवाज काढला आहे, तो अडचण आल्यावर पुन्हा काढू शकतो, यासाठी ती पायरी ठेवली आहे. जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ही सूची वापरल्यानंतर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. निर्जंतुकीकरणाच्या निर्देशकाची खात्री केली का, प्रतिजैविक वेळेवर दिले का, हे प्रश्नही त्या सूचीत आहेत.

प्रश्न : एकदिश वायुप्रवाहाची, म्हणजे गाळलेली हवा एकाच दिशेने वाहती ठेवणारी, महागडी यंत्रणा नसलेल्या शल्यक्रियागृहात शस्त्रक्रिया करून घेणे धोक्याचे आहे का?

उत्तर : सांधेबदल शस्त्रक्रियेचे प्रवर्तक जॉन चार्नली यांनी स्वच्छ हवेवर मोठे काम केले, परंतु पुढील अनुभव पाहता जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली केवळ संसर्ग टाळण्यासाठी ही यंत्रणा बसवण्याची शिफारस केली नाही. गाळलेली हवा, खोलीतील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक आणि तासाला १५ ते २० वेळा हवापालट, हे मात्र हवेच. दार उघडले की तो दाब कोलमडतो, आणि खोलीत वाढलेला प्रत्येक माणूस त्वचेचे कण हवेत सोडत असतो. विनाकारण ये-जा थांबवण्यास काही खर्च येत नाही.

प्रश्न : पुढील महिन्यात माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांचे हात ते पाहतील, पण संसर्ग टाळण्यासाठी मी स्वतः काय करू शकतो?

उत्तर : आपण बरेच काही करू शकता, कारण जखमेत सापडणारे जंतू पुष्कळदा रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेवरचे, नाकातले किंवा आतड्यातले असतात. धूम्रपान करत असाल तर ते आजच थांबवा. निदान चार आठवड्यांचा अवधी मिळाला तर जखम भरण्यात स्पष्ट फरक पडतो. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणा आणि ती शस्त्रक्रियेच्या दिवसांतही २०० च्या पुढे जाऊ नये यासाठी डॉक्टरांशी बोला. आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी साबणाने अंघोळ करा. हृदयाची किंवा सांध्याची शस्त्रक्रिया असेल तर नाकातील स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूची तपासणी करतात का हे विचारा. तो आढळल्यास नाकात लावायचे म्युपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्सिडिनची अंघोळ यांनी संसर्ग कमी होतो.

शस्त्रक्रियेपूर्वी थंडी वाजत असेल तर संकोच न करता सांगा. ही केवळ सोयीची बाब नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या, मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या २०० रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांचे शरीर उबदार ठेवले त्यांच्यापैकी ६ टक्के, तर ज्यांचे तापमान घसरू दिले त्यांच्यापैकी १९ टक्के रुग्णांच्या जखमेत संसर्ग झाला. थंडीने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात आणि जंतूंशी लढण्यासाठी लागणारा प्राणवायू जखमेपर्यंत कमी पोहोचतो.

शस्त्रक्रियेनंतर पट्टी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उघडू नका, आणि जखमेला हात लावणाऱ्या प्रत्येकाला, मग ते डॉक्टर असोत वा घरचे, आधी हात स्वच्छ करण्याची विनंती करा. ती विनंती कोणी अपमान मानू नये. वाढती लाली, ऊब, सूज, कमी होण्याऐवजी वाढणारी वेदना, टाक्यांतून पू किंवा ताप यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयाला कळवा. शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांपर्यंत, आणि शरीरात कृत्रिम सांधा किंवा अन्य रोपण बसवले असेल तर ९० दिवसांपर्यंत उद्भवलेला संसर्ग शस्त्रक्रियेशी निगडित धरतात. तोपर्यंत बहुतेक रुग्ण घरी गेलेले असतात आणि दुसऱ्याच डॉक्टरांकडे उपचार घेतात, त्यामुळे ज्या ठिकाणी शस्त्रक्रिया झाली तिथे त्याची नोंदच होत नाही. म्हणून उपचार कुठेही घेतलात, तरी शस्त्रक्रिया केलेल्या पथकाला फोन करून कळवा आणि त्यांनी ते लिहून घेतले का, हे विचारा.